मेणवलीहून सांडोरला

सांडोरला जायचं ठरलं ते मेणवलीमुळे. वाईपासून तीनेक किलोमीटरवरचं हे गाव लोकांना ठाऊक असतं ते नाना फडणवीसांच्या वाड्यासाठी, नाहीतर ‘स्वदेस’ सिनेमासाठी. वाडा बघायचा, मागच्या बाजूने कृष्णेच्या घाटावर उतरायचं, पायऱ्यांवर फोटो काढायचे आणि महाबळेश्वरचा रस्ता धरायचा, असा पर्यटकांचा रिवाज. त्याच घाटावर एका छोट्या घंटाघरात एक अवाढव्य घंटा टांगलेली आहे. घंटेवर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे आणि १७०७ हे साल आहे. पंचधातूची, साडेसहाशे किलो वजनाची, असं गावात सांगतात. येणारा-जाणारा प्रत्येक पोरगा तिच्यावर एक टोला हाणतो, आणि समोर देवळात शंकर ते निमूट ऐकून घेतो.

ही घंटा वसईची. १७३९च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, त्यानंतर तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला शनीच्या देवळापुढे एक आहे. नाशकात गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात एक आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. आणखीही आहेत, वसईचे इतिहासप्रेमी त्या हुडकत गावोगाव हिंडत असतात. नाना फडणवीसांचा जन्म १७४२चा. म्हणजे वसई पडली तेव्हा ते जन्मलेही नव्हते आणि मेणवली त्यांच्या नावे झाली ती त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. तेव्हा घंटा रणांगणावरून थेट या घाटावर आली नाही. ती मुक्काम करत करत आली.

मी घाटावर बसलो होतो तेव्हा एक साधा विचार मनात आला. ही वस्तू आपण नेहमी या टोकाला उभे राहून पाहतो. जिथून ती निघाली त्या टोकाला काय दिसत असेल? वसईतल्या नेमक्या कुठल्या चर्चची ही घंटा, हे घंटेवरून कळत नाही. मग निदान जुन्यांपैकी एखादं चर्च, एखादं गाव बघावं. १५६६ सालापासून ज्याचा हिशोब मांडतात ते सांडोरचं सेंट थॉमस चर्च मी मनाशी धरलं. का? किल्ला सगळे बघतात, सांडोर कुणी बघत नाही, म्हणून. याहून भारदस्त कारण माझ्याजवळ नव्हतं.

विरार लोकलने भाईंदर सोडलं की खाडीचा पूल लागतो. दारात उभं राहायला मिळालं तर दोन मिनिटं मुंबई पूर्ण विसरता येते. खाली पाणी, मधे पाणजू बेट, दूर मिठागरं. मग नायगाव, मग वसई रोड. मी मात्र एक स्टेशन पुढे गेलो, नालासोपाऱ्याला. कारण घंटेमुळे सापडलेल्या वस्तूंचा विषय डोक्यात असताना सोपारा टाळून वसईत शिरणं म्हणजे आजोबांना नमस्कार न करता घरात जाण्यासारखं झालं असतं.

सोपाऱ्याचा स्तूप रिक्षावाल्यांना ‘बौद्ध स्तूप’ म्हणून माहीत आहे. जुने लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. आज तिथे झाडांच्या सावलीत विटांचा एक मोठा उंचवटा आहे, कुंपण आहे, पुरातत्त्व खात्याची पाटी आहे. १८८२च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी हा उंचवटा खणला. मूळचे जुनागढचे भगवानलाल मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाडांच्या हाताखाली कोरीव लेख वाचत वाचत तयार झाले. स्तूपाच्या पोटात त्यांना दगडाची एक मोठी गोल पेटी मिळाली. तिच्यात मधोमध तांब्याचा करंडा आणि भोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, चांदीच्या आत मौल्यवान दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. मधल्या जागांत सोन्याची फुलं, रत्नं. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं एक नाणंही निघालं. आणि सगळ्यात आत, सोन्याच्या करंड्यात काय होतं? मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या.

त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या आहेत अशा श्रद्धेने ठेवलेल्या, असा अर्थ भगवानलालांनी लावला. अर्थ बरोबर असो वा नसो, रचना बघा. सर्वांत स्वस्त वस्तू सर्वांत आत, आणि जसजसं आत जावं तसतशी वेष्टणं महाग. शिवाय त्या आठ मूर्ती स्तूपाच्या मानाने बऱ्याच उशिराच्या, आठव्या-नवव्या शतकाकडच्या मानल्या जातात. म्हणजे कुणीतरी मधे कधीतरी ही पेटी उघडली, खापऱ्या पाहिल्या, पुन्हा होत्या तशाच ठेवल्या आणि आपल्या काळाची भर घालून पेटी मिटवली. त्या माणसाबद्दल मला फार कुतूहल आहे. सोन्याचा करंडा हाती लागला असताना त्याने आत आठ मूर्ती ठेवल्या! पुढे भगवानलालांनी पेटी उघडली ती कायमचीच; तो सगळा ऐवज आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. सोपाऱ्यात विटा राहिल्या.

आजची कला ज्याला ‘फाउंड ऑब्जेक्ट’, म्हणजे सापडलेली वस्तू, म्हणते, त्याचा हा उत्तम नमुना आहे, असं म्हटलं तर काही अभ्यासक भुवया उंचावतील. त्यांचं घराणं वेगळं असतं. १९१३ साली मार्सेल द्युशाँने सायकलचं चाक स्टुलावर बसवलं, १९१७ साली मुतारीचं भांडं प्रदर्शनाला पाठवलं. १९४२मध्ये पिकासोने सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. तिथून हे शिल्प सुरू झालं, असं शिकवतात. मला त्या चाकात गंमत दिसते, धाडस दिसतं. हुरहूर दिसत नाही. ती हुरहूर कोलंबियाच्या डोरिस साल्सेदोच्या कामात आहे. तिने नाहीशा केलेल्या माणसांचे, बहुतेक बायकांचे, वापरलेले जोडे मिळवले, ते भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवले आणि कोनाड्यांच्या तोंडावर जनावराच्या मूत्राशयाची अर्धपारदर्शक कातडी शस्त्रक्रियेच्या धाग्याने शिवून टाकली. जोडा दिसतो, पण धूसर. त्या जोड्यांना दुसरं टोक आहे. कुठल्यातरी घरात त्या जोड्यांच्या धन्यांची माणसं अजून वाट बघताहेत.

आपल्याकडे हे मी पाहिलं ते सुदर्शन शेट्टींच्या कामात. मूळचे मंगळूरकडचे, वाढले मुंबईत, शिकले जे. जे.मध्ये. फुटलेल्या कपबशा, किटल्या, बरण्या घेऊन त्यांचा नाहीसा झालेला तुकडा त्यांनी जुन्या सागवानात कोरून बसवला. अर्धा कप चिनी मातीचा, अर्धा लाकडाचा. त्यातून चहा पिता येणार नाही. पण जे गेलं ते नेमकं केवढं होतं, त्याचं माप त्या लाकडात काटेकोर उतरलेलं असतं. ‘शून्य घर’ या नावाचं त्यांचं मोठं काम आहे, गोरखनाथांच्या पदावरून सुचलेलं. त्यातले खांब, कमानी मोडलेल्या घरांच्या जुन्या लाकडातून घडवलेल्या. ते २०१६ साली दिल्लीला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मांडलं गेलं आणि नंतर मुंबईत भायखळ्याच्या राणीबागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात. म्हणजे बघा, ज्यांच्या हाताखाली भगवानलाल तयार झाले त्यांच्याच नावाच्या इमारतीत. असे योगायोग मला उगाचच आवडतात.

तरी शेट्टींच्या त्या सुंदर कामापुढे उभं असताना एक प्रश्न मला छळत असे. हे सागवान कुठल्या घराचं? कोण राहत होतं तिथे? दालनातली पाटी ते सांगत नाही. तिने सांगावं अशी अपेक्षाही नसते. लाकूड भंगारबाजारातून येतं, आणि भंगारबाजाराचा पहिला नियम असा की वस्तूच्या आधीच्या मालकाचं नाव काढायचं नाही. एकदा दालनात आली की वस्तू सगळ्यांच्या आठवणींची होते, आणि तिचा जो एकच जुना धनी असतो तो पुसला जातो. मेणवलीच्या घंटेचं तसं झालेलं नाही. मारिया अजून तिच्या अंगावर आहे, साल आहे. पत्ता तेवढा अर्धवट आहे.

नालासोपाऱ्याहून परत वसई रोड आणि तिथून रिक्षाने पापडीमार्गे सांडोर. स्टेशनच्या बाजूला इमारती एकमेकींच्या अंगावर आलेल्या. पापडी मागे पडलं की रस्ता अरुंद होतो, दोन्हीकडे वाड्या लागतात, आणि हवेचा कढ एकदम कमी होतो. वसईच्या पश्चिमेला अजून हे असं आहे. त्यामागे भांडण आहे, लढा आहे. टँकरमाफियाविरुद्ध, सिडकोच्या आराखड्याविरुद्ध इथले लोक ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून रस्त्यावर उतरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या हरित वसईच्या चळवळीत पुढे होते. २०२० साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४च्या जुलैत गेले. मराठी वाचकाला वसई म्हटलं की अजून त्यांचंच नाव आठवतं.

नोव्हेंबर लागला होता, आणि दोन तारीख नुकतीच होऊन गेली होती. त्या दिवशी कॅथलिक लोक आपल्या मृतांची आठवण करतात. थडगी धुतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. सांडोरच्या दफनभूमीत झेंडू अजून पुरता वाळला नव्हता. दगडांवर वितळलेल्या मेणाचे पांढरे थर होते. एका बाईंनी पत्र्याचा डबा घेऊन ते मेण खरवडायला सुरुवात केली होती. ‘परत वितळवतात ना,’ त्या म्हणाल्या. पुढच्या कुणाच्या तरी मेणबत्तीत यातलं थोडं जाणार. थडग्यांवरची नावं वाचताना एक गोष्ट लक्षात येते. नावं पोर्तुगीज वळणाची आणि खालची ओळ शुद्ध मराठी. वसईच्या किल्ल्यात सेंट अँथनीच्या पडक्या चर्चची जमीन जुन्या थडग्यांच्या दगडांनी भरलेली आहे. त्या दगडांवर पोर्तुगीज भाषा आणि सरदारांची कुलचिन्हं आहेत. तिथल्यांना आता विचारणारं कुणी नाही. इथे मात्र डबा घेऊन येणाऱ्या बाई आहेत.

चर्चला आज घंटा आहे, आणि ती वाजतेही. इथे येऊन मी एखादा रिकामा मनोरा बघीन, त्यातून वारा वाहत असेल, असं काही मनात रंगवून आलो असतो तर निराश झालो असतो. १७३९नंतर युरोपातले पाद्री गेले, पण देशी धर्मगुरूंनी गावोगावचा समाज सांभाळला. चर्च पुन्हा बांधली गेली, मोठी केली गेली, रंगवली गेली. गेलेल्या घंटेच्या जागी दुसरी आली. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांत कुणी जागा रिकामी ठेवत नाही. वियोगाचं दुःख करत बसायला ज्यांना फुरसत असते ते बाहेरून आलेले असतात, माझ्यासारखे.

आणि तरीही. चर्चपासून थोडं आत गेल्यावर एका वाडीत मला ते दिसलं ज्यासाठी, मला वाटतं, मी खरा आलो होतो.

विहिरीवर लोखंडी रहाट होता. पूर्वी वसईच्या वाड्या रहाटावर भिजायच्या. बैल गोल फिरायचा, दांडीला जोडलेलं आडवं चाक फिरायचं, त्याच्या दात्यांत अडकलेलं उभं चाक फिरायचं आणि साखळीला लावलेले पोहरे विहिरीत बुडून भरून वर यायचे, पन्हळीत रिते व्हायचे. विजेचे पंप आले आणि बैल गेले. या रहाटाचं उभं चाक जागेवर होतं, साखळी अर्धी होती, पोहरे चारच उरलेले. त्यातल्या दोहोंत माती भरून घरच्यांनी क्रोटन लावले होते. दात्यांमधून मनीप्लँट वर चढला होता. वर कुणाचा तरी शाळेचा गणवेश वाळत होता. एखाद्या क्युरेटरने पाहिलं असतं तर त्या गणवेशासकट उचलून नेलं असतं.

पण मला खिळवलं ते रहाटाने नव्हे. विहिरीभोवती एक वर्तुळ होतं. बैलाच्या फिरण्याने जमीन इतकी घट्ट झाली होती की इतक्या वर्षांनीही तिथे गवत नीट धरत नाही. वाडीत सगळीकडे हिरवं, आणि रहाटाभोवती बैलाच्या रुंदीची एक फिकट वाट, स्वतःतच संपणारी. बैलाचं हे माप कुणी सागवानात कोरलेलं नव्हतं. तो स्वतःच ते मागे ठेवून गेला होता.

वाडीचे मालक, सत्तरीच्या पुढचे काका, बनियनवर बाहेर आले. मी विचारलं, भंगारवाले येत नाहीत का मागायला? येतात तर, ते म्हणाले. दर वर्षी किलोचा भाव सांगून जातात. मग दिला का नाही? त्यावर त्यांनी दिलेली कारणं मी मनात तशीच टिपून ठेवली, कारण त्यांत एकही भावुक नव्हतं. एक तर चाक काढायला गॅस कटर आणावा लागेल. दुसरं, काढलं की विहिरीचा कठडा ढासळेल. तिसरं, मुलगा आखातात आहे, तो आल्याशिवाय वाडीतली काडी हलवायची नाही असं ठरलंय. आणि चौथं, जरा थांबून, ‘आणि त्याच्या जागी ठेवायचं काय?’

मग त्यांनी मला बावखळ दाखवलं. म्हणजे जिथे ते होतं ती जागा. वसईत वाडीच्या पाण्यासाठी खोदलेल्या अशा खळग्यांना बावखळ म्हणतात. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं, विहिरींना गोडं ठेवतं. पुष्कळ बुजवली गेली, काही तरुण मंडळी आता पुन्हा उपसताहेत. काकांच्या भाऊबंदांच्या वाट्याला गेलेलं बावखळ भरणी घालून सपाट झालं होतं आणि त्यावर दोन टेम्पो उभे होते. इथे मात्र वर्तुळ नाही, खूण नाही, काही नाही. कुणी सांगितलं नाही तर कळणारही नाही. मला वाटतं, कुठल्याही कलाकाराला सर्वांत अवघड जाईल ते हेच. फुटलेल्या कपाचा उरलेला तुकडा तरी हातात असतो. बुजवलेल्या पाण्याचा काय तुकडा उचलणार?

ओट्यावर काकींनी चहा दिला, बरोबर केळ्याचे वेफर. मी मेणवलीच्या घंटेची गोष्ट काढली. काकांना वसईच्या घंटा देशावर गेल्याचं ठाऊक होतं, पण नाशिक सोडलं तर नेमक्या जागा माहीत नव्हत्या. मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा चढवला, फोटो मोठा केला, मारियेच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं आणि काकींना हाक मारली. दोघं बराच वेळ पाहत राहिले.

मी विचारलं, परत यावी असं वाटतं का?

‘नको हो,’ काका पटकन म्हणाले. ‘कुठल्या चर्चची म्हणणार? सांडोरची म्हटलं तर पापडीवाले भांडतील, रमेदीवाले भांडतील, मर्सेसवाले तर कोर्टात जातील. आहे तिथे बरी आहे.’ काकी हसायला लागल्या. त्यात थट्टा होती, पण नुसतीच थट्टा नव्हती. वसईच्या वेढ्यात मराठ्यांकडची हजारो माणसं पडली. जिंकल्यावर त्या घंटा देवापुढे टांगल्या गेल्या त्यात नवस होता, गेलेल्यांची आठवणही असणार. विजयानंतर दोन वर्षं पुरी व्हायच्या आत बाजीराव गेले आणि चिमाजीही. पावणेतीनशे वर्षं घंटा मेणवलीकरांच्या हाताखाली वाजत आहे असं नव्हे, पण निदान दोनशेहून अधिक वर्षं तरी आहे. आता तिकडची रिकामी जागाही तयार झालेली असेल. घंटा काढली तर घाटावरचं घंटाघर पोकळ होईल. एका टोकाची पोकळी भरायला दुसरीकडे तेवढीच नवी खणावी लागेल, हे काकांनी भांडखोर पापडीकरांच्या तोंडून सांगितलं.

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले आणि ते माझ्या प्रश्नांपेक्षा कितीतरी नेमके होते. घंटेला तडा गेलाय का? आतला लोळा मूळचा आहे की नंतरचा? पाऊस लागतो का तिला? आवाज जाड आहे की पातळ? मला फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर देता आलं, की वर छप्पर आहे. आवाजाबद्दल मी हाताने काहीतरी खुणा केल्या. काकांना ते पुरेसं वाटलं नाही.

‘इथून वाईला थेट एसटी आहे का?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुण्याला जा, स्वारगेटवरून वाईच्या गाड्या भरपूर; वाईहून मेणवलीला रिक्षा. काकी म्हणाल्या, मे महिन्यात नातवंडं येतील तेव्हा जाऊ, महाबळेश्वरही होईल. काकांनी मे नको म्हटलं, गर्दी असते. ख्रिसमस झाला की जानेवारीत जाऊ, तेव्हा मुलगाही असेल. काकी म्हणाल्या, जानेवारीत पोरांच्या शाळा असतात. मी रिक्षा बघायला उठलो तेव्हा ते दोघं अजून महिन्यावरून वाद घालत होते.